रिचमंडची १८८८ ची विजेची ट्राम: गिरणीच्या मोटरीएवढ्या ताकदीवर दहा टक्के चढ कसा चढली?

जुना_बुधवार

नमस्कार मंडळी. पॉलिटेक्निकच्या शेवटच्या वर्षाच्या मुलांना प्रदर्शनासाठी चालतं मॉडेल करायचंय. विषय ठरलाय: अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्याची राजधानी रिचमंड, तिथली २ फेब्रुवारी १८८८ ला रीतसर सुरू झालेली विजेची ट्राम. शहर मुलांना कवेत घेता येईल एवढंच आहे म्हणून निवडलं. २०२० च्या जनगणनेत रिचमंडची लोकसंख्या २,२६,६१०. आपलं कोल्हापूर २०११ लाच ५,४९,२३६ होतं.

फ्रँक स्प्रेग या अमेरिकन अभियंत्यानं मे १८८७ मध्ये घेतलेल्या कामाचा आवाका असा: १२ मैल (सुमारे १९ किमी) मार्ग, ४० गाड्या, ८० मोटरी, ३७५ अश्वशक्तीचं वीजघर, किंमत १,१०,००० डॉलर, मुदत ९० दिवस. एका मोटरीची ताकद साधारण साडेसात अश्वशक्ती, म्हणजे आपल्याकडं पिठाच्या गिरणीला बसवतात तेवढीच. आणि चढ दहा टक्क्यांपर्यंत.

विचारायचं ते हे. एवढ्याशा मोटरींवर गाडी चढली कशी? याच ट्रामला एवढं महत्त्व का देतात? नंतर बंद का पडली? आणि साधारण ३ मीटर लांबीच्या टेबलावर हे दाखवायचं तर मुलं कुठं चुकतील?

आर्मेचर

आधी चढाचा हिशेब मुलांकडून फळ्यावर करून घ्या, बाकी सगळं त्यातूनच निघतं. हिशेबापुरती भरलेली गाडी ५ टन धरू. दहा टक्के चढावर गाडीला मागं खेचणारा जोर वजनाच्या दहाव्या हिश्श्याएवढा, म्हणजे ५०० किलो. रूळ खराब आहेत म्हणून घर्षणापोटी टनामागं १० किलो, म्हणजे आणखी ५०. एकूण ५५० किलो. ताशी ८ किमी, म्हणजे सेकंदाला २.२२ मीटर वेगानं हे ओढायचं तर ५५० × २.२२ ÷ ७५, साधारण १६ अश्वशक्ती. गाडीवर मोटरी दोन, मिळून १५. गिअरमध्ये खर्च होणारी ताकद यात धरलेलीच नाही. हीच गाडी त्याच वेगानं सपाटीवर चालवायला जेमतेम दीड अश्वशक्ती पुरते. म्हणजे चढाला मोटरीवर अकरापट भार येतो.

थोडा वेळ जास्त भार घ्यायला डीसी मोटर कुरकुरत नाही. पण करंट दुप्पट झाला की वाइंडिंगमधली उष्णता चौपट होते. त्या काळचं इन्सुलेशन म्हणजे सुती गुंडाळी आणि वरून लाख. ते भाजलं की दोन वेढे एकमेकांना चिकटतात, शॉर्ट होतात आणि आर्मेचर, म्हणजे मोटरीतला तार गुंडाळलेला फिरता गाभा, जातं. रिचमंडमध्ये अगदी हेच झालं. १८८७ च्या नोव्हेंबरमधल्या रात्रीच्या चाचणीत गाडी चढ चढून गेली आणि वर पोचल्यावर मोटर बसली. भोवती बघ्यांची गर्दी. स्प्रेगनं सहकाऱ्याला ‘उपकरणं’ आणायला पाठवलं आणि गर्दी पांगेपर्यंत थांबून राहिला. आलेली उपकरणं म्हणजे गाडी ओढून नेणारी चार खेचरं.

त्यावर उपाय केला तो गिअरचा. आर्मेचरवरचं पिनियन (छोटं दातेरी चक्र) आणि आसावरचं, म्हणजे चाकं जोडणाऱ्या दांड्यावरचं, मोठं चक्र यांच्या मध्ये आणखी एक जोडी घातली, म्हणजे वेग दोन टप्प्यांत उतरतो. मोटर जोरात फिरते, चाक सावकाश फिरतं, तेवढ्याच चढाला मोटरीवरचा पीळ कमी पडतो आणि त्याबरोबर करंटही. किंमत मोजावी लागली ती आवाजाची आणि दातांच्या झिजेची.

पण माझ्या मते स्प्रेगचं खरं काम मोटर कशी टांगली त्यात आहे. मोटर गाडीच्या सांगाड्याला पक्की बोल्ट केली, तर सांध्यावर चाक खाली-वर होताना आस हलतो, मोटर जागची हलत नाही, गिअरमधलं अंतर बदलत राहतं. दात तुटतात नाहीतर अडकतात. स्प्रेगनं मोटरीची एक बाजू बेअरिंगवर थेट आसावरच टेकवली आणि दुसरी बाजू स्प्रिंगनं सांगाड्याला टांगली. आस उचलला की मोटर त्याच्याभोवती किंचित झुलते. दोन गिअरच्या मध्यांतलं अंतर मिलिमीटरभरही बदलत नाही. बांधकामावरच्या एकचाकी हातगाडीसारखी ही रचना: एक टोक चाकावर, दुसरं हातात. कोल्हापूरच्या मुलांना पटवायला एवढं सांगा, की आज आपल्या रेल्वेची डब्ल्यूएपी-७ आणि डब्ल्यूएजी-९ इंजिनं आहेत, त्यांच्याही मोटरी याच पद्धतीनं टांगलेल्या असतात.

ब्रशचं दुखणं वेगळं. ब्रश म्हणजे मोटरीच्या फिरत्या भागाला घासत वीज पोचवणारा तुकडा. सुरुवातीला ते धातूचे होते. धातूवर धातू घासून कम्युटेटरला (आर्मेचरवरच्या तांब्याच्या पट्ट्यांच्या कड्याला) चरे पडायचे, ठिणग्या उडायच्या, पितळेचा भुगा रस्त्यावर सांडायचा. त्यात पुढं-मागं दोन्ही दिशांना चालायचं असल्यानं ब्रश तिरपा ठेवायची सोय नाही. कार्बनचे ब्रश आले तेव्हा हे थांबलं. त्याचं श्रेय विजेच्या ट्रामी बांधणारे दुसरे अभियंते व्हॅन डेपूल यांना, तेही १८८८ चंच. कार्बन स्वतः झिजतो, तांब्याला सांभाळतो, आणि त्याचा स्वतःचा रोध जास्त असल्यानं एका पट्टीवरून दुसरीवर जाताना ठिणगीही कमी पडते.

रूळ_आणि_तार

आर्मेचर यांनी मोटरीचं सांगितलं, मी वरच्या तारेचं सांगतो, कारण गाड्या रोज बंद पडायच्या त्या तारेपायी.

आधीच्या काही ट्रामींत तारांच्या *वरून* पळणारी एक छोटी गाडी असायची आणि ट्राम तिला दोरीसारख्या केबलनं ओढत न्यायची. ती गाडी तारेवरून घसरली की खाली ट्रामच्या छतावर. रिचमंडला छतावर दांडा, दांड्याच्या टोकाला खाच पाडलेलं चाक, आणि स्प्रिंगनं ते चाक तारेला *खालून* दाबलेलं. निसटलं तर दांडा वर जातो, कंडक्टर दोरी ओढून परत बसवतो. कुणाच्या डोक्यात काही पडत नाही.

आता विजेचा दाब, म्हणजे व्होल्टेज. वरची तार बारीक ठेवावी लागते, नाहीतर खांबांना आणि रस्त्यावर आडव्या ताणलेल्या तारांना वजन पेलत नाही. पण बारीक तारेतून लांबवर करंट नेला की वाटेतच व्होल्ट गळतात. म्हणून वीजघरापासून एक जाड मुख्य तार वेगळी न्यायची आणि ठिकठिकाणी ती बारीक तारेला जोडायची. आपल्या पाणीपुरवठ्यात जशी गल्लीतली अर्ध्या इंची लाइन शेवटच्या घराला पाणी देत नाही, मध्ये मध्ये मोठ्या मुख्य वाहिनीचं तोंड द्यावं लागतं, अगदी तसंच.

याची परीक्षा १८८८ मध्येच झाली. बोस्टनच्या वेस्ट एंड कंपनीचे हेन्री व्हिटनी बघायला आले होते. त्यांच्याकडं घोड्यांच्या ट्रामींचं प्रचंड जाळं होतं आणि केबलच्या ट्रामी घ्याव्यात का, असं त्यांच्या मनात चाललं होतं. विजेवर घेतला जाणारा आक्षेप असा, की सगळ्या गाड्या एका ठिकाणी तुंबल्या आणि एकदम सुटल्या तर वीजघर कोलमडेल. स्प्रेगनं रात्री २२ गाड्या एका ओळीत उभ्या केल्या, वीजघराला फ्यूज भक्कम करून दाब नेहमीच्या ४५० वरून ५०० व्होल्टवर न्यायला सांगितलं आणि कंदिलाच्या इशाऱ्यावर गाड्या एकामागून एक सोडल्या. दाब २०० च्या आसपास आला, गाड्यांतले दिवे मंदावले, पण पुढच्या गाड्या पळायला लागल्या तसा परत चढला. व्हिटनींनी वीज निवडली आणि मग बाकीची शहरं त्यांच्या मागं लागली.

आकडे मांडून बघा. ३७५ अश्वशक्ती म्हणजे २८० किलोवॅट. ४५० व्होल्टला सगळी वीज मिळाली असं धरलं तरी सुमारे ६२० अँपिअर. सुटताना एका गाडीला ४० अँपिअर धरले तर २२ गाड्यांना ८८०. एकदम सोडल्या असत्या तर भागलंच नसतं. पाठोपाठ सोडल्या म्हणून निभावलं.

परतीचा करंट रुळांतून. रुळाच्या प्रत्येक सांध्यावर फिशप्लेट (दोन रूळ जोडणारी पट्टी) गंजते आणि वाट अडते, म्हणून सांध्यावरून तांब्याची तार बसवावी लागते. ती नसली तर करंट जमिनीतून पाण्याच्या लोखंडी पाइपात शिरतो आणि जिथून बाहेर पडतो तिथं पाइप खातो. जमिनीतूनच परतीची वाट घेणाऱ्या तेव्हाच्या टेलिफोनमध्येही घरघर यायची.

जुना_बुधवार

दोघांचेही आभार, मुलांनी हिशेब लगेच वहीत उतरवला. एक शंका त्यांचीच आहे: लोखंडी चाक, लोखंडी रूळ, वर दहा टक्के चढ. चाक जागच्या जागी गरगरत नाही का? वाघबीळच्या चढाला पावसात ट्रकचं रबरी टायरसुद्धा फिरतं.

रूळ_आणि_तार

फिरतं, पण मर्यादा मोजता येते. कोरड्या रुळावर चाकाची पकड वजनाच्या साधारण पाव हिश्श्याएवढी. दहा टक्के चढ अधिक घर्षण मिळून गरज ०.११ ची. ८० मोटरी आणि ४० गाड्या, म्हणजे दोन्ही आसांना मोटर. सगळं वजन पकडीला कामाला येतं आणि कोरड्यात दुपटीहून जास्त पकड हाताशी राहते. एकाच आसाला मोटर दिली असती तर निम्मंच वजन उपयोगी पडलं असतं आणि गरज ०.२२ वर गेली असती. मग जरा दमट हवेत गाडी थांबली असती. ओल्या, चिखलाच्या रुळावर पकड ०.१ च्या आसपास येते. रिचमंडची माती लाल चिकणमाती. तिथं उपाय एकच: चाकासमोर रुळावर कोरडी वाळू सोडायची. वाळू चाळलेली आणि भाजून सुकवलेली हवी, ओली वाळू नळीत अडकते.

मॉडेललाही दोन्ही आस चालते ठेवा.

भवानी_मंडप

बंद का पडली, यावर लिहितो. पण त्याआधीचं थोडं सांगायला हवं, नाहीतर मुलांना वाटेल की त्या शहराचा प्रवास ट्रामीपासूनच सुरू झाला.

रिचमंड आहे तिथं जेम्स नदी सात मैलांत १०५ फूट उतरते. बोट तिथं थांबणार, माल उतरणार, म्हणून तिथं बाजार आणि मग शहर. धबधबे टाळायला बाजूनं कालवा खणला, त्याच्या कंपनीशी जॉर्ज वॉशिंग्टनचं नाव जोडलेलं आहे. जेम्स रिव्हर अँड कनाव्हा कालवा १८४० मध्ये लिंचबर्गला आणि १८५१ मध्ये ब्युकॅननला पोचला, तेवढ्यात रेल्वे आली. १८८० मध्ये रेल्वे कंपनीनं कालवाच विकत घेतला आणि बोटी ओढणारी जनावरं ज्या काठावरून चालायची, त्याच काठावर रूळ टाकले. सपाट, सलग, मालकीची वाट आयती मिळाली. नदीजवळ एके ठिकाणी तीन रेल्वेमार्ग एकावर एक, तीन पातळ्यांवर ओलांडतात. मॉडेलच्या मागच्या फलकावर ते चित्र लावा. लोक तिथं थांबतात.

आता ट्राम. ती कुणाची होती, हा प्रश्नही तंत्राइतकाच महत्त्वाचा आहे आणि तो मुलांच्या फलकावर यायलाच हवा. १९०४ च्या एप्रिलमध्ये तेव्हा शहरातल्या ट्रामी चालवणाऱ्या व्हर्जिनिया पॅसेंजर अँड पॉवर कंपनीनं गोऱ्या आणि काळ्या प्रवाशांना वेगळं बसवायचा नियम लावला. कायद्यानं तेव्हा कंपनीला मुभा दिली होती, सक्ती नव्हती. ‘रिचमंड प्लॅनेट’चे संपादक जॉन मिचेल आणि मॅगी वॉकर यांच्या पुढाकारानं काळ्या रिचमंडकरांनी ट्रामीवर बहिष्कार टाकला आणि ते पायी चालू लागले. आधीच कर्जात असलेली कंपनी त्याच उन्हाळ्यात दिवाळखोरीत गेली. तरी १९०६ च्या कायद्यानं वेगळं बसवणं साऱ्या राज्यात सक्तीचं झालं. आपल्याकडं शाहू महाराजांनी १९०२ मध्ये पन्नास टक्के राखीव जागांचा हुकूम काढला होता. फलकावर ही दोन सालं शेजारी लिहा, कोल्हापूरच्या पोरांना ती समजावून सांगावी लागणार नाहीत.

बंद पडण्याची कारणं अनेक होती आणि ती एकमेकांना धरून आली. ट्रामला रूळ, तार, वीजघर सगळं स्वतःचं सांभाळावं लागतं. बसला रस्ता सरकारचा. लोकांकडं मोटारी आल्या, वस्ती रुळांपासून लांब पसरली. १९३५ च्या केंद्रीय कायद्यानं वीज कंपन्यांना बाकीचे व्यवसाय जवळ ठेवणं अवघड केलं; रिचमंडमध्ये ट्राम वीज कंपनीच्याच हातात होती, ती १९४४ मध्ये वेगळ्या वाहतूक कंपनीकडं गेली. विजेचा आधार सुटल्यावर जुने रूळ बदलायचा खर्च कोण करणार? २५ नोव्हेंबर १९४९ ला शेवटची ट्राम धावली. १९५८ मध्ये रिचमंड–पीटर्सबर्ग टर्नपाइक हा मोठा टोलरस्ता झाला, तो जॅक्सन वॉर्ड या काळ्यांच्या वस्तीतून आरपार काढला.

२४ जून २०१८ ला ब्रॉड स्ट्रीटवर ‘पल्स’ ही जलद बस सुरू झाली, ७.६ मैल, १४ थांबे. मार्च २०२० पासून शहरातल्या बसचं तिकीटच काढून टाकलं.

आर्मेचर

एक दुरुस्ती आत्ताच करून ठेवा, नाहीतर परीक्षक पकडतील. फलकावर ‘जगातली पहिली विजेची ट्राम’ लिहू नका. बर्लिनजवळ लिख्टरफेल्डला सीमेन्सची १८८१ मध्ये धावली. अमेरिकेतच अलाबामातल्या मॉन्टगोमेरीत १८८६ ला व्हॅन डेपूल यांची होती. रिचमंडचा मान वेगळा: मोठ्या संख्येनं गाड्या, खरे चढ, खरी गर्दी, आणि ते सगळं टिकून चाललं. भवानी मंडप यांचं एवढंच पुढं नेतो, की याच स्प्रेगनं १८९७ मध्ये शिकागोला अनेक डब्यांच्या मोटरी एका हँडलवरून चालवायची पद्धत आणली. मुंबईची लोकल आजही त्याच तत्त्वावर पळते.

लेथ_उद्यमनगर

मॉडेलचं माझ्याकडं. लांबी ३ मीटर आहे म्हणता, तर १.२ मीटरचा चढ घ्या, उंची १२ सेमी होते. चढ जिथं सुरू होतो आणि संपतो तिथं कोन ठेवू नका; ३० सेमीभर रूळ वाकवून घ्या, नाहीतर गाडीचं पोट अडकतं आणि पुढची चाकं हवेत जातात. पोरं हमखास चुकतात ती इथंच.

रूळ म्हणजे १२ × ३ मिमीची एमएस (साध्या पोलादाची) पट्टी उभी करून, मधलं अंतर ७५ मिमी. अ‍ॅल्युमिनियम घेऊ नका, त्यावरचा थर करंट अडवतो. एमएसला साध्या फ्लक्सनं सोल्डर धरत नाही. सांध्याच्या दोन्ही बाजूला ३ मिमीचं भोक, स्क्रू आणि वॉशर, त्याखाली तांब्याची तार दाबून टाका. वरची कड प्रदर्शनाच्या दिवशी पॉलिश पेपरनं पुसा. आदल्या दिवशी पुसून उपयोग नाही, पावसाळ्यात रात्रीतून गंज धरतो.

गाडी २ किलोची, चाक ४० मिमी. चढाला २०० ग्रॅम अधिक घर्षणाचे २० धरा. चाकाची त्रिज्या २ सेमी, म्हणजे एकूण पीळ ०.४४ किलो-सेमी, दोन मोटरींत वाटला की प्रत्येकीला ०.२२. बाजारातली १२ व्होल्ट, ६० आरपीएम, १ किलो-सेमीची गिअर मोटर सुखानं ओढते. वेग सेकंदाला १२-१३ सेमी पडतो, बघणाऱ्याला नीट दिसतो.

वरची तार १८ गेज उघडं तांबं, एका टोकाला स्प्रिंगनं ताणलेली, दर ६० सेमीला आधार. आधार तारेला वरून डागा. खाली सोल्डरचा थेंब राहिला की चाक तिथंच उडी मारतं, म्हणून कानशीनं साफ करा. दांड्याच्या टोकाचं चाक पितळेचं, १२ मिमी व्यासाचं, खाच ३ मिमी खोल. वर दाबणारा जोर ३०-४० ग्रॅम पुरे, डिजिटल काटा उलटा धरून मोजा. जास्त दाबलात तर तार उचलली जाते आणि आधार निखळतात. वळण घेणार असाल तर तार रुळांच्या मध्यावर ठेवू नका, किंचित आतल्या बाजूला सरकवा, कारण दांडा मागं रेलतो.

व्हिटनींची चाचणी टेबलावर दाखवता येते. दोन गाड्या, १२ व्होल्ट ५ अँपिअरचा सप्लाय, ४ अँपिअरचा फ्यूज. सप्लाय आणि तार यांच्या मध्ये १.५ ओहमचा, २५ वॅटचा वायरवाउंड रेझिस्टन्स घाला. हीच तुमची बारीक लांब तार. तारेवर व्होल्टमीटर आणि १२ व्होल्टचा बल्ब. सुटताना गाडीला दीड अँपिअर धरलं तर दोन्ही एकदम सोडल्यावर ३ अँपिअर, साडेचार व्होल्ट रेझिस्टन्समध्येच जातात, तारेवर साडेसात. एक सुटून पळायला लागल्यावर दुसरी सोडली तर सव्वानऊच्या आसपास राहतात. मग रेझिस्टन्सला समांतर जाड वायरीचा स्विच दाबा, बल्ब लख्ख होतो: ती जाड मुख्य तार. रेझिस्टन्स चांगलाच तापतो, त्याला प्लायवुडवर ठेवू नका.

मोटर टांगायची पद्धत छोट्या गाडीत दिसणार नाही. त्यासाठी शेजारी वेगळा नमुना करा: २ मोड्यूलचे (मोड्यूल म्हणजे दाताच्या आकाराचं माप) १८ आणि ७२ दातांचे गिअर, मध्यांतर ९० मिमी, आसाखाली हातानं फिरवायचा कॅम, म्हणजे आस वर-खाली करणारा तुकडा. एका नमुन्यात पिनियन आसावरच टेकलेल्या हातावर, दुसऱ्यात सांगाड्याला पक्कं. दुसऱ्यातलं पिनियन आसाच्या बरोबर *वर* ठेवा. बाजूला ठेवलंत तर आस १० मिमी उचलून अंतर फक्त अर्धा मिमी बदलतं आणि दात निसटताना दिसत नाहीत. वर ठेवून आस ५ मिमी खाली सोडला की दात पूर्ण सुटतात, कारण दाताची उंचीच साडेचार मिमी आहे.

जुना_बुधवार

गिअरचा नमुना आधी करायला घेतो. शेवटचं एक: टोकाला जाऊन गाडी उलटी आणायची तर दांड्याचं काय?

लेथ_उद्यमनगर

फिरवावा लागतो. दांडा नेहमी मागं रेललेला हवा. तसाच पुढं ठेवून गाडी उलटी नेली तर चाक पहिल्याच आधारात अडकतं आणि तार घेऊन खाली येतं. छतावर दांड्याची बैठक बेअरिंगवर ठेवा, टोकाला दोरा बांधा, मुलानं दोरा खाली ओढायचा, १८० अंश फिरवायचा आणि परत तारेला लावायचा. तेवढा वेळ गाडीला वीज मिळत नाही, म्हणून वरच्या टोकाला किमान ४० सेमी सपाट रूळ ठेवा, नाहीतर हात लावायच्या आत गाडी चढावरून परत खाली येईल.